दारूकाम शिकायचंय, सुरुवात कुठून करू?

निळी_ज्योत (डिचोली)

सगळ्यांना नमस्कार. मी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय रसायनशास्त्र. लहानपणापासून त्रिपुरारी पौर्णिमेला साखळीला, विठ्ठलापूरला जातो. घरचे सगळे होड्या बघतात, माझी मान वर, आतषबाजीकडे असते. एकच तारा आधी लाल आणि मग रुपेरी कसा होतो? काही ठिणग्या विझत आल्यावर पुन्हा लखकन का चमकतात? हे प्रश्न तेव्हापासून डोक्यात आहेत. यंदा कॉलेजात सॉल्ट अ‍ॅनालिसिस सुरू झालं, स्ट्रॉन्शियमची लाल ज्योत डोळ्यांनी बघितली आणि ठरवलं की हा छंद नीट शिकायचा.

परदेशातल्या लोकांचे व्हिडिओ बघतो. घरामागच्या शेडमध्ये ते स्वतः सगळं बनवतात आणि शेतात उडवतात. आपल्याकडे असं काही करता येतं का? मी भुईनळ्यापासून सुरुवात करावी म्हणत होतो, कारण तो वर उडत नाही, फुटत नाही, सगळ्यात साधा वाटतो. घरामागे परसू आहे, शेजार लांब आहे. आईचा विरोध आहे, पण तिला पटवता येईल.

कोणाला अनुभव असेल तर सांगा. काय वाचू, काय विकत घेऊ, कोणाकडे शिकू?

कवळ्याचा_पाट (फोंडा)

आईला पटवू नकोस, तिचं ऐक. मी कोर्टकचेरीतला माणूस, म्हणून तेवढंच सांगतो.

भुईनळा भरणं म्हणजे कायद्याच्या भाषेत स्फोटकाचं उत्पादन. 1884 चा स्फोटक कायदा आणि 2008 चे नियम त्याला लागू होतात. परवाना देणारी संस्था पेसो, तिचं मुख्यालय नागपूरला. परवाना कारखान्याच्या जागेला मिळतो: अंतरं मोजलेली, शेड वेगवेगळ्या, साठ्याची नोंद. परसाला तो मिळत नाही. विनापरवाना बनवलं तर कलम 9-ब प्रमाणे तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. त्यातून कोणाला इजा झाली तर पुढची कलमं वेगळीच लागतात. व्हिडिओतल्या माणसाच्या देशात काय चालतं त्याचा इथे काही उपयोग नाही.

विकत घेण्याबद्दलही सांगून ठेवतो. सुप्रीम कोर्टानं 23 ऑक्टोबर 2018 च्या निकालात बेरियमचे क्षार असलेले फटाके आणि लांबच्या लांब माळा बंद केल्या, ऑनलाइन विक्रीही बंद केली. त्यामुळे दुकानातूनच घे, परवान्याची प्रत लावलेल्या दुकानातून. खोक्यावर नीरी या सरकारी पर्यावरण संशोधन संस्थेचा हिरव्या फटाक्यांचा शिक्का आणि क्यूआर कोड बघ. आवाजाची मर्यादा फुटण्याच्या जागेपासून 4 मीटरवर 125 डेसिबल, आणि रात्री 10 ते सकाळी 6 आवाजाचं काही नाही. रेल्वेनं फटाके आणणं हा गुन्हा आहे, कोणी मित्र शिवकाशीहून पिशवीत आणतो म्हणाला तर नको म्हण.

वाळवंटी_काठची_टीचर (साखळी)

निळी_ज्योत, तू घेतलेलं नाव या कामातल्या सगळ्यात अवघड रंगाचं आहे. त्याकडे येतेच, पण आधी परसाचं बोलू.

मी उच्च माध्यमिकला रसायनशास्त्र शिकवायची, आता निवृत्त आहे. माझे दीर परवानाधारक दारूकामवाले. जत्रांच्या हंगामात मी त्यांच्या माणसांबरोबर मैदानावर असते. वात पेटवणं माझ्याकडे नाही. वारा बघायचा, दोरीच्या आत कोण येतं ते बघायचं, आणि कुठल्या नळीतला शेल, म्हणजे आभाळात जाऊन फुटणारा गोळा, गेला नाही ते वहीत टिपायचं, एवढं माझं काम. मला ते फार आवडतं. तुझ्या वयाचं कोणी हे शिकायचं म्हणतं तेव्हा खरोखर आनंद होतो, म्हणूनच सविस्तर लिहिते.

भुईनळा साधा दिसतो याचीच मला धास्ती वाटते. पेटलेला भुईनळा तुलनेनं शांत असतो, धोका त्याच्या आधीच्या टेबलावर असतो. ऑक्सिजन देणारा क्षार आणि जळणारी पूड एकत्र आली की त्या मिश्रणाला बाहेरच्या हवेची गरज राहत नाही. झाकण घालून, ओलं पोतं टाकून ते गुदमरत नाही. प्लास्टिकच्या चमच्यावरची स्थिर वीज, बरणीच्या आट्यात अडकून चिरडलेला एक कण, एवढं त्याला पुरतं. त्यात आपली हवा. दमटपणात अ‍ॅल्युमिनियमची बारीक पूड आणि नायट्रेट हळूहळू आपापसात तापू लागतात. क्लोरेट आणि गंधक तर त्याहून वाईट, गंधकाबरोबर आलेला आम्लाचा अंश कोणी हात न लावता पेट देऊ शकतो. म्हणूनच 1992 पासून ही जोडी आपल्या देशात फटाक्यांत वापरायला बंदी आहे. शिवकाशीत पिढ्यान्‌पिढ्या हेच काम करणारे हात आहेत, वेगवेगळ्या छोट्या खोल्या आहेत, एका खोलीत मोजकीच माणसं बसतात, आणि तरीही तिथून दरवर्षी वाईट बातमी येते. तुझ्या परसात यातलं काहीच नसेल. तेव्हा मी कृती देणार नाही, आणि इथे दुसऱ्या कोणी दिली तर ती घेऊ नकोस.

पण शिकायचं आहे ते यामुळे थांबत नाही. दारूकामाचं खरं शिक्षण बघण्यात आहे, आणि बघण्यासारखं इतकं आहे की तुझं कॉलेज संपेल तरी ते संपणार नाही.

दारूकामात दोन तऱ्हांचा उजेड असतो, तो वेगवेगळा ओळखायला शीक. पहिला ठिणगीचा. ठिणगी म्हणजे तापलेला घन किंवा वितळलेला कण, तिचा रंग तिच्या तापमानावर ठरतो. कोळशाची ठिणगी नारिंगी, लोखंडाची सोनेरी, टायटॅनियमची पांढरी रुपेरी. ठिणगी कधी हिरवी होत नाही. दुसरा उजेड ज्योतीचा, वायूतल्या रेणूंचा. लाल स्ट्रॉन्शियम क्लोराइडचा, हिरवा बेरियम क्लोराइडचा, निळा तांब्याच्या क्लोराइडचा. कॉलेजात तार हायड्रोक्लोरिक आम्लात बुडवून मग क्षारात घालता ना? क्लोराइड चटकन वाफ होतं, ज्योतीत जातं आणि रंग देतं. शेलमधल्या ताऱ्यातही, म्हणजे शेल फुटल्यावर जळत उधळणाऱ्या गोळीतही, हेच चालतं, म्हणून रंगीत ताऱ्यात क्लोरीन पुरवणारं काहीतरी असतंच.

निळ्याची अडचण आता कळेल. तांब्याच्या क्लोराइडचा तो रेणू नाजूक आहे. ज्योत फार गरम झाली की तो मोडतो आणि रंग पांढुरका होतो. ज्योत थंड ठेवली तर उजेडच कमी पडतो. या दोहोंच्या मधली अरुंद जागा सापडायला दारूकामवाल्यांचं आयुष्य जातं. पुढच्या वेळी आभाळात गडद निळा दिसला तर टाळी त्याला दे, सोनेरी पावसाला सगळेच देतात.

रंग बदलणारा तारा थरांचा असतो. बाहेरचा लाल थर जळून संपला की आतल्या रुपेरीची पाळी. विझत आलेली ठिणगी पुन्हा चमकते तिथे वितळलेला थेंब असतो. त्याच्या आत क्रिया चालूच असते, आणि ठराविक वेळानं तो एकदम भडकतो.

आता तुझं पहिलं उपकरण. जुनी सीडी, बुटाचं खोकं, दोन ब्लेडांमधली बारीक फट. सीडीवर एका मिलिमीटरात साधारण 625 रेषा असतात, प्रकाश फोडायला तेवढ्या पुरतात. गॅसच्या ज्योतीवर आगरवाड्याच्या मिठागरातलं चिमूटभर मीठ टाक आणि खोक्यातून बघ. 589 नॅनोमीटरची सोडियमची पिवळी रेघ एकटी उभी दिसेल. मग आईला हातात फुलबाजी धरायला सांग आणि तू लांबून बघ. लोखंडाच्या ठिणग्यांचा सलग पट्टा दिसेल, आणि त्यात सोडियमची रेघ बहुतेक वेळा घुसलेली असेल. घामातून, हवेतून, सगळीकडून मीठ येतं, आणि थोडंसं सोडियमही दुसऱ्या रंगांना झाकून टाकतं. सूर्याकडे ते खोकं कधी धरू नकोस.

दुसरा धडा गॅरेजमध्ये मिळेल. ग्राइंडरवर पोलाद घासताना ठिणग्यांना फाटे फुटतात, साध्या लोखंडाला कमी, जास्त कार्बनच्या पोलादाला भरपूर. आतला कार्बन जळून वायू होतो आणि थेंबाला फोडतो. फुलबाजीच्या ठिणग्यांना फुलं येतात ती याच कारणानं.

मैदानावरचं गणित सोपं आहे, पण तेच जीव वाचवतं. शेलच्या व्यासाच्या दर इंचाला तो ढोबळमानानं 100 फूट वर जातो. अमेरिकेतल्या एनएफपीए 1123 या मानकात प्रेक्षकांचं अंतर दर इंचाला 70 फूट धरलं आहे, म्हणजे 3 इंची शेलला 210 फूट. आपल्या देवळांची प्रांगणं डोळ्यांसमोर आण. किती ठिकाणी 210 फूट मोकळे मिळतील? दीर काही जागांना सरळ नाही म्हणतात, समिती रागावली तरी. केरळात पुट्टिंगल देवळात 10 एप्रिल 2016 ला शंभरावर माणसं गेली. तिथे पडत्या जळत्या तुकड्यानं साठवणीची खोली पेटली होती. साठा आणि उडवायची जागा यांच्यातलं अंतर हा आमच्याकडे पहिला प्रश्न असतो.

तू दूर नदीकाठी उभा असशील तेव्हा चमक आणि आवाज यांच्यामधले सेकंद मोज. आपल्या उबदार हवेत आवाज सेकंदाला साधारण 350 मीटर जातो. अंतर कळलं, कोन हाताच्या पंज्यानं मोजला, की उंची काढता येते. ती काढ आणि शेल किती इंची असेल त्याचा अंदाज बांध.

वाऱ्याचं तर विसरूच नको. संध्याकाळी समुद्रावरून येणारा वारा पडतो आणि रात्री तो जमिनीवरून समुद्राकडे फिरतो. सात वाजता बघून मांडणी केली आणि नऊ वाजता उडवलं तर धूर आणि राख लोकांवर येऊ शकते. म्हणून मी पुन्हा पुन्हा बघते. काठीला बांधलेली रेशमी चिंधी पुरते.

आणि बंद जागेत कधीही नाही, कोणी थंड आतषबाजी म्हणून विकलं तरी नाही. त्या ठिणग्या नावाला थंड असतात. अमेरिकेत ऱ्होड आयलंडमध्ये 2003 साली एका नाइटक्लबात बँडमागच्या ठिणग्यांच्या कारंज्यांनी भिंतीवरचा फोम पेटवला आणि 100 माणसं गेली. आपल्या हडफड्यात 2025 च्या डिसेंबरात नाइटक्लबच्या आगीत 25 गेली. त्यानंतर लग्नाच्या हॉलवाल्यांना आम्ही काय सांगतो ते तुला सांगायला नको.

रात्रपाळी (बांबोळी)

टीचरनी सगळं सांगितलं, मी परिचारिका म्हणून माझ्या बाजूचं सांगते.

भाजलं तर वाहत्या साध्या पाण्याखाली 20 मिनिटं. बर्फ नाही, टूथपेस्ट नाही, हळद नाही, शाई नाही. अंगठी, बांगडी, घड्याळ लगेच काढायचं, कारण सूज आली की ते निघत नाही. कपडा कातडीला चिकटला असेल तर ओढायचा नाही. वर स्वच्छ सुती फडकं आणि 108. डोळ्यात काही गेलं, मार बसला, तर चोळायचं नाही, दाबायचं नाही, कागदी कप वरून सैल धरून थेट दवाखाना. डोळ्याच्या बाबतीत सकाळी बघू हे शब्द फार महाग पडतात.

आणि ती पाइपची कार्बाईड गन, कार्बाईडच्या वायूवर उडणारी घरगुती बंदूक. 2025 च्या दिवाळीत भोपाळला आणि आजूबाजूला तिनं किती मुलांचे डोळे दुखावले ते सगळ्यांनी वाचलं. पाइप का पेटला नाही म्हणून मुलं आत वाकून बघतात आणि तेव्हाच तो पेटतो. तुमच्या वाड्यावर कोणी बनवत असेल तर त्याच्या आईवडिलांना जाऊन सांगा. वाईटपणा घ्या.

उडवताना सुती कपडे, पायात बंद चपला, डोळ्यांवर साधा प्रयोगशाळेतला चष्मा. एवढं केलं तरी आमच्याकडे येणारे बरेच जण घरी राहतील.

निळी_ज्योत (डिचोली)

सगळ्यांचे आभार. परसाचा विचार सोडला. आईला हे वाचून दाखवलं, ती टीचरना नमस्कार सांगते.

सीडीचं खोकं आजच केलं. मिठाची रेघ दिसली! कॉलेजात स्ट्रॉन्शियमची ज्योतही त्यातून बघायला सरांनी परवानगी दिली आहे.

एक शंका. चवथीला आणलेले काही बाण आणि भुईनळे उरलेत. पावसाळ्यात कपाटातच होते, खोकी मऊ पडली आहेत. दिवाळीआधी उन्हात वाळवले तर चालतील का? आणि टीचर, तुमच्या दिरांबरोबर मैदानावर येता येईल का? माझं अठरा पूर्ण आहे.

वाळवंटी_काठची_टीचर (साखळी)

आईंना माझाही नमस्कार. खोकं जमलं हे वाचून फार बरं वाटलं.

वाळवू नकोस. उन्हात नाही, चुलीवरच्या माळ्यावर नाही, कशावरच नाही. कारण समजून घे, ते दारूकामाच्या मुळाशी आहे. बाणाच्या नळीत दारू दाबून घट्ट बसवलेली असते. ती तळाकडून, उघड्या पृष्ठभागावरून, थराथरानं जळते. एका वेळी जितका पृष्ठभाग जळतो तितकाच वायू होतो, आणि तोंडातून तेवढा बाहेर पडतो. हा हिशेब जुळलेला असतो म्हणून बाण वर जातो. ओल शिरली की दारू फुगते, क्षार विरघळून जागा सोडतो, आणि वाळताना तिला बारीक चिरा पडतात. आता आग चिरांत शिरते, जळणारा पृष्ठभाग एकदम कितीतरी पट होतो, वायू तोंडातून मावत नाही आणि नळी हाताजवळच फुटते. बाहेरून तो बाण अगदी कोरडा आणि चांगला दिसतो. भुईनळ्याचंही तेच, कारंजं व्हायचं ते स्फोट होतो. यंदा चवथीत कुठे भुईनळा फुटल्याचं ऐकलं असशील तर त्याचं एक कारण हे असू शकतं.

तेव्हा सगळे बादलीत पूर्ण बुडव, रात्रभर ठेव, नळ्या भिजून उकलू दे. ते पाणी विहिरीजवळ किंवा झाडांना ओतू नकोस. भिजलेला लगदा प्लास्टिकच्या पिशवीत बांधून पंचायतीच्या कचऱ्यात दे, काय आहे ते सांगून. वात पेटून विझलेला फटाका असेल तर आधी 20 मिनिटं जवळ जायचंच नाही, मग लांबून पाणी. त्यावर वाकायचं नाही. काडी मोडलेला बाणही उडवायचा नाही. ती काडी त्याला सरळ ठेवते, आखूड झाली की तो कुठेही वळतो.

यंदा विकत घेशील ते थोडंच घे आणि घेतलेलं त्याच सणात संपव. पेटवायला लांब उदबत्ती, जमीन सपाट, चिऱ्याचं अंगण असेल तर उत्तम. कापणी झालेल्या शेतात नको. नोव्हेंबरातलं वाळकं गवत आणि पेंढा फार लवकर पेट घेतात.

मैदानावर येण्याचं दिरांशी बोलले. ते हो म्हणाले, पण त्यांची अट आहे की पहिला हंगाम तू दोरीच्या बाहेर, माझ्याबरोबर. दुपारी नळ्या रेतीत पुरून उभ्या करताना बघायला ये, तेव्हा शेल अजून गाडीतच असतात. नळी किती खोल, कुठल्या बाजूला किंचित कललेली, दोन नळ्यांमध्ये किती जागा, हे त्या दुपारी विचारून घे. संध्याकाळी त्यांना बोलायला वेळ नसतो. पुढे हे काम म्हणून करायचं मनात असेल तर शिवकाशीला पेसोचं फटाक्यांवरचं संशोधन केंद्र आहे, एमएस्सीनंतर त्या वाटेचा विचार कर. त्याबद्दल नंतर निवांत बोलू.

येताना वही, शिसपेन्सिल, सुती शर्ट. मोबाइल गाडीत ठेवायचा, विजेनं पेटणाऱ्या वातींच्या जवळ आम्ही कोणालाच तो आणू देत नाही. तारीख ठरली की इथेच कळवते.